गोळी अडवणारे कापड: बुलेटप्रूफ जॅकेट कसे तयार होते आणि ते किती वर्षे भरवशाचे राहते?

पोलीस आणि जवान अंगात जे जाड जॅकेट घालतात त्याला आपण सर्रास 'बुलेटप्रूफ जॅकेट' म्हणतो. बाहेरून ते खिशांचे साधे जाकीट दिसते. त्याच्या आत विशिष्ट धाग्यांच्या कापडाचे वीस-तीस थर असतात, आणि गरजेप्रमाणे पुढे-मागे कडक पट्ट्या बसवलेल्या असतात. कापडासारखी मऊ वस्तू सेकंदाला चारशे मीटर वेगाने येणारी गोळी कशी थांबवते? आणि आज गोळी थांबवणारे जॅकेट पाच-सात वर्षांनीही तीच गोळी थांबवेल का? या दोन प्रश्नांची उत्तरे या लेखात पाहू.

थोडक्यात

• कोणतेही जॅकेट पूर्णपणे 'बुलेटप्रूफ' नसते. ठरावीक वेगाच्या, ठरावीक प्रकारच्या गोळीपुरतेच ते संरक्षण देते.
• मऊ कापडी जॅकेट पिस्तूल किंवा कार्बाइनची गोळी अडवते. एके-४७ सारख्या रायफलसाठी कडक पट्टी लागते.
• केव्हलारसारखे ॲरामिड धागे आणि अतिउच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन हे आजचे दोन मुख्य कच्चे माल आहेत.
• ऊन, ओलावा, उष्णता आणि घड्या यांमुळे हे धागे हळूहळू कमजोर होतात. बाहेरून ते दिसत नाही, म्हणून टिकाऊपणाची चाचणी ताकदीच्या चाचणीइतकीच महत्त्वाची ठरते.

महाराष्ट्रात हा प्रश्न इतका जिव्हाळ्याचा का?

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे हेल्मेट आणि जॅकेट चढवत असल्याची दृश्ये त्या रात्री दूरचित्रवाणीवर सगळ्यांनी पाहिली. काही वेळातच कामा रुग्णालयाजवळच्या रंगभवन गल्लीत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे तिन्ही अधिकारी गोळीबारात शहीद झाले.

त्यानंतर करकरे यांच्या जॅकेटचा दर्जा काय होता, असा प्रश्न उभा राहिला. त्यांच्या पत्नी कविता करकरे यांनी माहितीच्या अधिकारात विचारणा केली, तेव्हा ते जॅकेटच सापडत नसल्याचे समोर आले. शवविच्छेदनातून पुढे आलेल्या माहितीनुसार त्यांना लागलेल्या गोळ्या मान आणि खांद्याच्या भागातल्या होत्या. हा भाग जॅकेटने झाकला जात नाही. तरीही जॅकेट हाती न आल्याने त्याच्या दर्जाबद्दलची शंका कायमची राहून गेली.

त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी अजमल कसाबची एके-४७ नळीला धरून रोखली. त्यांच्या हाती लाठी होती, अंगात जॅकेट नव्हते. त्यांनी गोळ्या झेलल्या आणि कसाब जिवंत पकडला गेला.

या हल्ल्यानंतर राज्याने नव्या जॅकेटांची खरेदी सुरू केली. तोही प्रवास सरळ नव्हता. २०१७ मध्ये आलेल्या सुमारे ४,६०० जॅकेटांपैकी १,४३० जॅकेटे महाराष्ट्र पोलिसांनी पुरवठादाराला परत केली, कारण एके-४७ च्या गोळीच्या चाचणीत ती उतरली नाहीत. एका अर्थाने ही दिलासा देणारी घटना आहे. दोष चाचणीच्या मैदानावर सापडला, रस्त्यावर नाही.

'प्रूफ' की 'रोधक'?

तांत्रिक भाषेत 'बुलेटप्रूफ' हा शब्द टाळला जातो. भारतीय मानकाचे नावही 'बुलेट रेझिस्टंट जॅकेट' म्हणजे गोळीरोधक जॅकेट असे आहे. हा फरक शब्दापुरता नाही. जॅकेट कोणत्या गोळीसाठी तपासले आहे, हे त्याच्या लेबलवर लिहिलेले असते. पिस्तुलासाठी बनवलेले जॅकेट घालून रायफलसमोर उभे राहणे म्हणजे छत्री घेऊन गारपिटीत उभे राहणे.

चिलखत ही कल्पना आपल्याला नवी नाही. १६५९ मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाच्या भेटीला जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातले होते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण लोखंडी कड्यांचे ते चिलखत कट्यारीसाठी होते. बंदुका सुधारत गेल्या तशी लोखंडी चिलखते निरुपयोगी झाली. गोळी अडेल इतके जाड लोखंड अंगावर घेऊन माणसाला चालणेच अशक्य होते.

एका गोळीत किती ऊर्जा असते?

९ मिलिमीटर पिस्तुलाची गोळी साधारण ८ ग्रॅम वजनाची असते आणि सेकंदाला ३५० ते ४०० मीटर वेगाने निघते. तिच्यात ५०० ते ६५० ज्यूल ऊर्जा असते. ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूत सुमारे १२० ज्यूल ऊर्जा असते. म्हणजे पिस्तुलाच्या एका गोळीत असे चार-पाच चेंडू सामावलेले असतात.

एके-४७ ची गोळीही साधारण ८ ग्रॅमचीच असते, पण तिचा वेग सेकंदाला ७१५ मीटरच्या आसपास असतो. वेग दुपटीच्या जवळ गेला की ऊर्जा चौपटीकडे जाते, म्हणून या गोळीत सुमारे २,००० ज्यूल ऊर्जा भरते. ५० किलोचे पोते चार मीटर उंच उचलायला लागेल तेवढी ही ऊर्जा आहे.

पण खरा घात ऊर्जेपेक्षा ती किती जागेत उतरते यात असतो. चेंडू तळहातावर बसतो, गोळी बोटाच्या पेराएवढ्या जागेवर. जॅकेटचे काम दुहेरी असते: गोळीला थांबवायचे, आणि तिची ऊर्जा शक्य तितक्या मोठ्या जागेत पसरवायची.

कापड गोळीला कसे थांबवते?

फुटबॉलच्या गोलची जाळी आठवा. चेंडू जाळीच्या एका ठिकाणी आदळतो, पण ताण त्या दोऱ्यांमधून थेट खांबांपर्यंत जातो आणि सगळी जाळी मागे ओढली जाते. गोळीरोधक कापडात हेच घडते, फक्त सेकंदाच्या काही दहा-हजाराव्या भागात.

गोळी पहिल्या थरावर आदळली की तिच्या टोकाखाली आलेले धागे ताणले जातात. हा ताण लाटेसारखा धाग्यातून दोन्ही बाजूंना पळतो. लाट जितक्या वेगाने पळेल तितकी धाग्याची जास्त लांबी कामाला लागते आणि ऊर्जा जास्त जागेत वाटली जाते. इथेच धाग्याधाग्यांत फरक पडतो. नायलॉनमध्ये ही लाट सेकंदाला साधारण दोन किलोमीटर वेगाने जाते, केव्हलारमध्ये सुमारे सात, तर गोळीरोधक पॉलिएथिलीनमध्ये दहा किलोमीटरच्या आसपास. धागे एकमेकांवरून गेलेले असल्यामुळे विणलेल्या कापडात हा वेग कमी होतो, पण त्यांचा क्रम तोच राहतो.

दुसरे काम घर्षणाचे. आडवे-उभे धागे एकमेकांना घासतात, त्यात ऊर्जा खर्च होते आणि धागे बाजूला सरकून गोळीला वाट देत नाहीत. तिसरे म्हणजे गोळी स्वतःच चेपते. पिस्तुलाच्या गोळीत शिसे असते. सुरुवातीच्या थरांवर ती अळंबीसारखी पसरते, तिचा व्यास वाढतो आणि पुढच्या थरांतले आणखी धागे तिच्यासमोर येतात. पहिले काही थर फाटतात, मधले ताणले जातात आणि शेवटचे गोळीला झेलतात.

कापूस आणि रेशीम का चालत नाही?

सोयगाव हा छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातला अजिंठ्याच्या डोंगररांगेलगतचा तालुका. अजिंठ्याची लेणी याच तालुक्यात येतात आणि इथल्या शेतात कापूस हे ओळखीचे पीक आहे. याच जिल्ह्यात पैठणची रेशमी पैठणी विणली जाते, आणि रेशीम-कापसाच्या मिश्र विणीचे हिमरू हे संभाजीनगरचे जुने कापड. मग या घरच्या धाग्यांचे जाड थर रचून गोळी अडवता येणार नाही का?

कापसाच्या तंतूत सेल्युलोजच्या लांब साखळ्या असतात, पण सगळ्याच साखळ्या तंतूच्या लांबीत सरळ मांडलेल्या नसतात. शिवाय कापसाचा एक तंतू जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा. असे आखूड तंतू पिळून सूत काढावे लागते, आणि जोराचा झटका बसला की तंतू एकमेकांवरून निसटतात. केव्हलारचा तंतू अखंड असतो. कापसाच्या तंतूपेक्षा त्याची ताण सहन करण्याची ताकद साधारण पाच ते दहा पट असते.

रेशमाची गोष्ट वेगळी आहे. त्याचा तंतू अखंड असतो आणि तो बराच ताणला जाऊ शकतो. १८८० च्या दशकात अमेरिकेतल्या ॲरिझोनामधले डॉक्टर जॉर्ज गुडफेलो यांनी गोळीबाराच्या जखमा तपासताना पाहिले, की रेशमी रुमालाला गोळी भोक पाडू शकली नव्हती. १८९० च्या दशकात शिकागोतले पोलंडचे धर्मगुरू कॅसिमिर झेग्लेन यांनी रेशमाच्या घट्ट थरांचे गोळीरोधक जाकीट बनवून १८९७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्या काळच्या मंद गोळ्यांपुढे ते टिकत असे. पण ते फार महाग होते, आणि पुढे गोळ्यांचा वेग वाढला तसे रेशीम मागे पडले.

दुसऱ्या महायुद्धात विमानातल्या सैनिकांसाठी नायलॉन आणि पोलादी पट्ट्यांची जाकिटे आली. ती बॉम्बचे तुकडे अडवत, पण सरळ आलेल्या गोळीपुढे त्यांचा फारसा उपयोग नव्हता.

केव्हलार: टायरसाठी शोधलेला धागा

१९६५ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक मोटारीच्या टायरसाठी हलका आणि मजबूत धागा शोधत होत्या. त्यांच्या एका प्रयोगात तयार झालेले द्रावण नेहमीसारखे घट्ट आणि पारदर्शक नव्हते. ते ताकासारखे पातळ आणि गढूळ होते. असे द्रावण एरवी फेकून दिले जाते. त्यातून यंत्राची बारीक छिद्रे बुजतील, अशी सहकाऱ्याला भीती होती. क्वोलेक यांनी आग्रह धरला आणि धागा काढला. तो तुटता तुटेना.

द्रावण गढूळ होते, कारण त्यातले काठीसारखे ताठ रेणू आपोआप एका दिशेला रांगेत उभे राहिले होते. धागा ओढताना ही रांग आणखी सरळ झाली आणि शेजारच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून बसल्या. वजनाला वजन लावले तर हा धागा पोलादाच्या पाचपट मजबूत ठरला. या कुळातल्या धाग्यांना ॲरामिड म्हणतात. केव्हलार आणि ट्वॅरॉन ही त्यातली प्रसिद्ध व्यापारी नावे.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी न्याय खात्यातले लेस्टर शुबिन यांनी हे कापड पोलिसांसाठी तपासले. सात थरांनी त्या काळच्या साध्या रिव्हॉल्व्हरची गोळी अडवली. डिसेंबर १९७५ मध्ये सिएटलमधल्या एका दुकानात लुटारूने झाडलेल्या गोळ्यांतून एक पोलीस केव्हलारच्या जॅकेटमुळे वाचला. या जॅकेटांच्या मैदानी चाचणीच्या काळात वाचलेला तो पहिला जीव मानला जातो.

पाण्यावर तरंगणारे चिलखत

दुसरा धागा आपल्या घरातल्या वस्तूचाच सख्खा भाऊ आहे. प्लास्टिकची पिशवी ज्या पॉलिएथिलीनची असते, त्याच्याच अतिशय लांब साखळ्या घेऊन हा धागा बनतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्याची पद्धत शोधली. पॉलिएथिलीन विरघळवून जेलीसारखे करायचे, त्यातून तंतू काढायचा आणि तो अनेक पट ओढायचा. गुंतलेल्या साखळ्या सरळ होतात आणि धागा विलक्षण मजबूत बनतो. डायनीमा आणि स्पेक्ट्रा ही त्याची बाजारातली नावे.

हा धागा पाण्यापेक्षा हलका आहे. तो पाणी शोषत नाही आणि उन्हालाही ॲरामिडपेक्षा चांगले तोंड देतो. तो बहुधा विणत नाहीत. समांतर धाग्यांचे पातळ पदर एकावर एक काटकोनात ठेवून राळेने चिकटवतात. धागा कुठेच वळत नसल्याने ताणाची लाट सरळ धावते.

त्याची उणीव म्हणजे उष्णता. साधारण १४५ ते १५० अंश सेल्सिअसला तो वितळतो, आणि त्याच्या कितीतरी आधी, ऐंशी-नव्वद अंशांच्या पुढे त्याची ताकद घटू लागते. ॲरामिड मात्र वितळत नाही, चारशे अंशांच्या पुढे गेल्यावर जळून काळवंडते. म्हणूनच अनेक जॅकेटांत दोन्ही धाग्यांचा मेळ घातला जातो.

रायफलची गोळी: इथे कापड एकटे पुरत नाही

एके-४७ च्या काही गोळ्यांमध्ये शिशाऐवजी कडक पोलादाचा गाभा असतो. तो चेपत नाही, सुईसारखा धागे बाजूला सारत पुढे जातो. ३१ डिसेंबर २०१७ रोजी काश्मीरमधल्या लेथपोरा येथील केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या तळावर झालेल्या हल्ल्यानंतर अशा गोळ्यांची देशभर चर्चा झाली.

यासाठी जॅकेटच्या खिशात सिरॅमिकची पट्टी बसवतात. ॲल्युमिना, सिलिकॉन कार्बाइड किंवा बोरॉन कार्बाइड यांपैकी एखाद्या पदार्थाची ही फरशी असते. बोरॉन कार्बाइड हा हिऱ्यानंतरच्या सर्वांत कठीण पदार्थांपैकी एक आहे आणि ॲल्युमिनापेक्षा बराच हलका आहे. गोळी आदळली की सिरॅमिक तिचे टोक फोडते आणि स्वतःही फुटते. उरलेले तुकडे मागच्या पॉलिएथिलीन किंवा ॲरामिडच्या थरात अडकतात.

सिरॅमिक फुटूनच काम करते, म्हणून त्याच जागी दुसरी गोळी आली तर धोका असतो. पट्टी जमिनीवर आपटली तर आत केसासारखी चीर जाऊ शकते आणि वरच्या आवरणामुळे ती दिसत नाही. अशा पट्ट्यांची क्ष-किरणांनी तपासणी करावी लागते ती यासाठीच.

चाचणी कशी होते?

जॅकेट खास मातीच्या ठोकळ्यावर बांधले जाते आणि ठरावीक अंतरावरून, वेग मोजत गोळ्या झाडल्या जातात. दोन गोष्टी पाहतात. गोळी आरपार गेली का? आणि गेली नसेल, तर मागच्या मातीत किती खोल खड्डा पडला?

हा खड्डा महत्त्वाचा असतो. गोळी अडली तरी कापड आत दाबले जाते, आणि त्या दणक्याने बरगडी मोडू शकते किंवा आतल्या अवयवांना इजा होऊ शकते. अमेरिकेच्या एनआयजे मानकात या खड्ड्याची मर्यादा ४४ मिलिमीटर आहे.

भारतात बराच काळ स्वतःचे राष्ट्रीय मानक नव्हते आणि प्रत्येक दल आपापल्या अटींवर खरेदी करत असे. भारतीय मानक ब्युरोने २०१८ मध्ये आयएस १७०५१ हे मानक प्रसिद्ध केले. त्यात धोक्याच्या सहा पातळ्या आहेत. खालच्या पातळीवर ९ मिलिमीटरची गोळी, तर सहाव्या पातळीवर ७.६२ × ५४ मिलिमीटरची चिलखतभेदी आणि पेट घेणारी गोळी. खरेदीच्या निविदेत आता पातळी स्पष्ट लिहिता येते आणि दोन पुरवठादारांच्या मालाची खरी तुलना करता येते.

झायलॉनचा धडा: ताकद होती, टिकाऊपणा नव्हता

टिकाऊपणाकडे दुर्लक्ष केले तर काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण झायलॉनचे आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जपानी कंपनीच्या या धाग्याने बाजारात खळबळ उडवली. तो केव्हलारपेक्षा बराच मजबूत होता, त्यामुळे जॅकेट पातळ आणि हलके झाले. पोलिसांना ते आवडले, कारण दिवसभर घालता येत होते. नव्या जॅकेटांनी सगळ्या चाचण्या सहज पार केल्या.

जून २००३ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात एका पोलिसाच्या झायलॉनच्या जॅकेटमधून गोळी आरपार गेली. ती गोळी जॅकेटने अडवायला हवी होती, कारण त्याच पातळीसाठी ते प्रमाणित होते. जॅकेट फक्त काही महिने वापरलेले होते. या घटनेनंतर एनआयजेने वापरलेली जॅकेटे गोळा करून तपासली. १०३ पैकी ६० जॅकेटांमधून किमान एक गोळी आरपार गेली.

कारण रसायनशास्त्रात सापडले. झायलॉनच्या रेणूतले एक वलय ओलावा आणि प्रकाशाने हळूहळू तुटत होते. घाम आणि दमट हवा हे जॅकेटचे रोजचे सोबती, आणि तेच त्याला आतून पोखरत होते. बाहेरून जॅकेट नव्यासारखेच दिसत होते. ऑगस्ट २००५ मध्ये एनआयजेने झायलॉनच्या जॅकेटांचे प्रमाणन काढून घेतले.

यातून मानकच बदलले. २००८ च्या एनआयजे मानकात जॅकेटला गोळी घालण्याआधी 'म्हातारे' करण्याची पायरी आली. ६५ अंश सेल्सिअस तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेत जॅकेट एका फिरत्या पिंपात दहा दिवस घुसळतात आणि मगच त्यावर गोळ्या झाडतात. नवे जॅकेट पास झाले एवढ्यावर आता कोणी समाधान मानत नाही.

धागा नेमका कशाने खराब होतो?

ऊन: ॲरामिडचा सोनेरी पिवळा धागा उन्हात राहिला की तपकिरी होतो. अतिनील किरण त्याच्या साखळ्या तोडतात. म्हणून गोळीरोधक थर नेहमी अपारदर्शक आवरणात शिवलेले असतात.

पाणी: ओल्या ॲरामिडमध्ये पाणी वंगणासारखे काम करते. धाग्यांचे घर्षण कमी होते आणि गोळीला वाट मिळते. कापड वाळले की ताकद बरीचशी परत येते, पण गोळी कापड वाळायची वाट पाहत नाही. यासाठी थरांभोवती जलरोधक आवरण सील केलेले असते. ते फाटले तर जॅकेटचे आयुष्य धोक्यात येते.

घड्या: हे धागे ओढायला बळकट, पण दाबायला कमजोर असतात. एकाच जागी सतत घडी पडली की तंतूत सूक्ष्म मोडी पडतात. बसताना पोटाशी पडणारी घडी ही त्यातली नेहमीची जागा.

उष्णता: मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशी पार करतो. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तापमान त्याहून बरेच वर जाते. पॉलिएथिलीनचे जॅकेट रोज अशा गाडीत टाकून ठेवणे त्याच्यासाठी चांगले नाही.

रसायने: ब्लीच आणि क्लोरीन ॲरामिडचे शत्रू आहेत. जोरकस साबणाचा अंश कापडात राहिला तर तो पाणी धरून ठेवतो.

जॅकेटची काळजी कशी घ्यावी?

• धुण्याआधी गोळीरोधक थर आणि पट्ट्या बाहेर काढाव्यात. फक्त बाहेरचे कापडी आवरण धुवावे.
• आतले थर ओल्या फडक्याने पुसून सावलीत, आडवे ठेवून वाळवावेत. पिळू नयेत, इस्त्री करू नये.
• जॅकेट खिळ्याला किंवा बारीक तारेच्या हँगरला टांगू नये. वजनाने थर खाली सरकतात आणि वरच्या भागात पोकळी राहते.
• एकावर एक ढीग रचू नये, दुमडून पेटीत कोंबू नये.
• लेबलवरची निर्मितीची तारीख आणि हमीची मुदत पाहावी. मऊ जॅकेटांची हमी बहुधा पाच वर्षांची असते.
• एकदा गोळी लागलेले जॅकेट पुन्हा वापरू नये.

हमी संपलेले जॅकेट लगेच निकामी होते असे नाही, पण त्याच्यावर किती विसंबायचे हे सांगता येत नाही. म्हणून मोठी दले जुन्या साठ्यातली काही जॅकेटे निवडून त्यांच्यावर पुन्हा गोळ्या झाडून पाहतात. चाचणीत जॅकेट नष्ट होते, त्यामुळे ही तपासणी खर्चिक आहे. तरी तिला पर्याय नाही, कारण नजरेने तपासून धाग्याचे वय कळत नाही.

वजन: न घातलेले जॅकेट कोणालाच वाचवत नाही

पट्ट्यांसह पूर्ण जॅकेट दहा किलोच्या आसपास किंवा त्याहून जड असते. उन्हाळ्यात ते घालून आठ तास उभे राहणे म्हणजे शिक्षाच. जलरोधक आवरणामुळे घाम वाळत नाही. परिणामी माणसे जॅकेट गाडीत ठेवतात किंवा पट्ट्या काढून ठेवतात. महिला पोलिसांची अडचण आणखी वेगळी: पुरुषांच्या मापाची सपाट पट्टी अंगाला नीट बसत नाही आणि बगलेपाशी फट राहते. त्यामुळे वजन आणि माप हे चैनीचे विषय ठरत नाहीत, संरक्षणाचाच ते भाग आहेत. आणि वजन कमी करण्याच्या घाईत टिकाऊपणा सुटला तर काय होते, ते झायलॉनने दाखवले आहे.

भारतात काय चालले आहे?

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने बोरॉन कार्बाइड आणि कार्बन नॅनोनलिका वापरून हलक्या चिलखताचे तंत्र विकसित केले. 'भाभा कवच' या नावाने त्याचे उत्पादन हैदराबादच्या मिधानी या सरकारी कंपनीकडे आले. तुर्भ्याच्या प्रयोगशाळेतले हे काम अणुऊर्जेच्या संशोधनाशी जोडलेले आहे, कारण बोरॉन कार्बाइड अणुभट्टीत न्यूट्रॉन शोषण्यासाठीही वापरतात.

एप्रिल २०१८ मध्ये संरक्षण मंत्रालयाने १,८६,१३८ जॅकेटांसाठी ६३९ कोटी रुपयांचा करार एका भारतीय कंपनीशी केला. एप्रिल २०२४ मध्ये डीआरडीओच्या कानपूर येथील प्रयोगशाळेने सहाव्या पातळीची गोळी अडवणारे जॅकेट तयार केल्याचे जाहीर झाले. त्याची चाचणी चंडीगडच्या प्रयोगशाळेत झाली आणि पुढच्या पट्टीने एकामागोमाग सहा गोळ्या झेलल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्ली यांनी मिळून 'अभेद' हे जॅकेट पुढे आणले. पातळीनुसार त्याचे वजन ८.२ आणि ९.५ किलो आहे.

जॅकेट देशात शिवले जाते, पण धाग्यासाठी आपण अजून बऱ्याच अंशी परदेशावर अवलंबून आहोत. २०२० मध्ये केंद्राने १,४८० कोटी रुपयांचे राष्ट्रीय तांत्रिक वस्त्र अभियान मंजूर केले. विशेष धागे देशात बनवण्याचे संशोधन हा त्याचा एक भाग आहे. कापूस पिकवणाऱ्या, सूत काढणाऱ्या आणि कापड विणणाऱ्या महाराष्ट्रासाठी ही संधीही आहे. मात्र इथे यंत्रमागाच्या अनुभवाबरोबर रसायनशास्त्र आणि काटेकोर तपासणीची जोड लागेल.

पुढे काय?

काही संशोधक ॲरामिडच्या कापडात असा द्रव मुरवून पाहत आहेत, जो हळू हलवला तर पातळ राहतो आणि झटका बसताच घट्ट होतो. मक्याच्या पिठाच्या दाट घोळात बोट हळूच घातले तर आत जाते आणि जोरात मारले तर अडते, तसेच हे आहे. अशा कापडाचे थर कमी लागतील अशी आशा आहे. कोळ्याच्या जाळ्याचे रेशीम, कार्बन नॅनोनलिका आणि ग्राफीन यांवरही काम चालू आहे. पण बहुतेक प्रयोगांपुढे तोच जुना प्रश्न उभा आहे: प्रयोगशाळेतली ताकद घाम, धूळ आणि उन्हात पाच वर्षे टिकेल का?

जॅकेट खरेदी करताना किंमत आणि वजन हे आकडे चटकन दिसतात. धागा कोणता, चाचणी कोणत्या पातळीची, वृद्धत्वाची चाचणी झाली का, हमी कधी संपते आणि संपल्यावर जॅकेट बदलले जाते का, हे प्रश्न मागे राहतात. बंदोबस्तावर उभ्या असलेल्या शिपायाला हे प्रश्न विचारण्याची सोय नसते. त्याच्या वतीने ते खरेदी करणाऱ्यांनी, तपासणाऱ्यांनी आणि कर भरणाऱ्या आपण सर्वांनी विचारायचे असतात.